कार्टन फ्लो रॅक घेण्याआधी खोकी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्यात किराणा मालाची एजन्सी आहे. साधारण ७०० आयटम, रोज २०० बिलं आणि बिलाला सरासरी २५ ओळी. माल स्लॉटेड अँगलच्या रॅकवर ठेवलेला आहे. सकाळी अंबड, परतूर, मंठा लाइनच्या गाड्या भरायला उशीर होतो. कार्टन फ्लो रॅक (उतरत्या लेनमधल्या चाकांवरून मागून ठेवलेलं खोकं आपोआप पुढे सरकतं अशी रॅक) लावली तर माल लवकर निघेल का, उतार किती ठेवायचा, लेन किती लागतील आणि इथल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली तर चालेल का?

चालेल, पण सगळे ७०० आयटम तिच्यावर चढवायचे नाहीत. रोज हलणारे दीडशेच्या आसपास आयटमच तिच्यावर घ्या, बाकीचे आहेत तिथेच राहू द्या. आणि रॅकवाल्याला फोन करण्याआधी खोकी मोजून घ्या, कारण या प्रकारात रॅक बिघडत नाही, खोकं अडतं. लोखंड कुणीही देईल. पण कुठलं खोकं कुठल्या लेनमधून, कुठल्या बाजूने सरकणार हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं.

आधी रॅकने नेमकं काय वाचतं ते पाहू. समजा तुमचं सर्वसाधारण खोकं ४०० मिमी लांब, ३०० रुंद, २५० उंच आहे आणि एका आयटमची सहा खोकी हाताशी हवीत. तुमच्या ३ फुटी रॅकच्या एका फळीवर शेजारी तीन आणि वर तीन अशी सहा खोकी बसतात, म्हणजे एक फळी एका आयटमने भरली. पाच फळ्यांच्या रॅकवर पाच आयटम. १४० आयटमना २८ रॅक, म्हणजे ८४ फूट तोंड (दर्शनी लांबी). फ्लो रॅकमध्ये तीच सहा खोकी एकामागे एक, २४०० मिमी खोल लेनमध्ये उभी राहतात आणि समोर फक्त एकाचं तोंड दिसतं. २४०० मिमी रुंदीच्या एका बेमध्ये (दोन खांबांमधल्या भागात) ३१५ मिमीच्या सात लेन बसतात. चार मजले धरले तर २८ लेन, म्हणजे १४० आयटम पाच बेमध्ये, ४० फुटांत. समोरासमोर दोन रांगा लावल्या की माल काढणारा वीस-पंचवीस फुटांच्या गल्लीतच फिरतो.

यात जागा वाचली असं समजू नका. खोली वाढली आहे, वाचलं आहे ते तोंड. चालणं साधारण निम्म्यावर येतं. माल काढणाऱ्याचा बराचसा वेळ चालण्यातच जातो. चालण्याचा वेळ एकूण वेळाच्या निम्मा धरला तर एकट्या रॅकमुळे एकूण वेळ पाव हिश्शाने कमी होईल. शोधणं, मोजणं, क्रेटमध्ये लावणं यात रॅक काहीच करत नाही. त्यामुळे 'दुप्पट-तिप्पट स्पीड' सांगणाऱ्या विक्रेत्याला त्यातलं किती रॅकचं आणि किती बाकीच्या व्यवस्थेचं, एवढं विचारा. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. भरणारा मागून भरतो, काढणारा पुढून काढतो, त्यामुळे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत आणि जुना माल आपोआप पुढे येतो.

एक काम मात्र रॅकच्या आधीच करून टाका, त्याला पैसे लागत नाहीत. बिलाची पिकिंग स्लिप (माल काढायची यादी) तुमच्याकडे बहुतेक कंपनीवार नाहीतर अक्षरक्रमाने छापली जात असेल. ती जागेच्या क्रमाने छापून घ्या. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आयटमला जागेचा कोड द्या, उदाहरणार्थ ब-०३-२-०५, म्हणजे ब रांग, तिसरा बे, दुसरा मजला, पाचवी लेन, आणि सॉर्ट त्याच्यावर लावा. सोबत एका फेरीत एक बिल काढणं बंद करा. सहा क्रेटच्या ट्रॉलीवर सहा बिलं घेतली तर २०० बिलांच्या ३४ फेऱ्या होतात. आज त्या २०० आहेत. हे दोन्ही न करता फ्लो रॅक लावली तर छोट्या गल्लीत तीच पळापळ चालू राहील.

आता आयटम निवडायचे कसे? मागच्या तीन महिन्यांची बिलं एक्सेलमध्ये काढा आणि प्रत्येक आयटम किती ओळींत आला ते मोजा. नग किंवा रुपये मोजू नका. पाच रुपयांचं बिस्कीट दीडशे बिलांत येतं, तेलाचा डबा वीस बिलांत. रुपयांत डबा वर दिसेल, पण पावलं बिस्किटाची पडतात. ओळींच्या उतरत्या क्रमाने यादी लावली की वरच्या पाचव्या हिश्श्यात बहुतेक ओळी सापडतात, पण हा हिस्सा तुमच्याच आकड्यांवरून काढा. यादीतून मग दोन प्रकार वगळा. जे आयटम दुकानदार अख्खी पेटी घेतो ते पॅलेटवरूनच काढा, ते लेनमध्ये घालून पुन्हा उचलण्यात अर्थ नाही. आणि ज्याचं आठवड्याला एक खोकंही फुटत नाही तो आयटम सहा खोक्यांच्या लेनमध्ये घालू नका, दीड महिन्याचा माल तिथे अडकेल आणि एक्सपायरीच्या तक्रारी येतील. लेन किमान एका दिवसाची गरज भागवणारी हवी आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त माल तिच्यात मावता कामा नये. रोज दहा-बारा खोकी जाणाऱ्या आयटमला शेजारशेजारच्या दोन लेन द्या.

हा हिशेब केल्यावर बऱ्याच एजन्सींना कळतं की २४०० मिमी खोली जास्तच होते. तुमचे बहुतेक आयटम दिवसाला अर्धं-पाऊण खोकं जात असतील तर १६०० मिमीची, चार खोक्यांची लेन पुरते. ट्रॅक (लेनमधली चाकांची पट्टी) एक तृतीयांशाने कमी लागतो आणि खोकं अडलं तर हात पोचतो. मी पुढे २४०० धरूनच हिशेब देतो, म्हणजे वरची मर्यादा कळेल.

खोकी मोजताना प्रत्येक आयटमची लांबी, रुंदी, उंची, वजन, किती प्लायचं (कागदाच्या थरांचं) आणि तळ कसा आहे, एवढं लिहा. तीन प्लायचं खोकं भरल्यावर मधोमध पोट काढतं, पाच प्लायचं फारसं काढत नाही. हे तपासायला भरलेलं खोकं दोन विटांवर ठेवा आणि खालून पट्टी लावून बघा. पोट ठळक दिसत असेल तर त्याला दोन ट्रॅक चालणार नाहीत, तीन हवेत. आणि खोकं नेहमी लांबीच्या दिशेनेच लेनमध्ये घाला. कारणं दोन. लांब बाजू दोन्हीकडच्या डिव्हायडरला (दोन लेनमधल्या पट्टीला) टेकत सरकते, त्यामुळे खोकं आडवं वळत नाही. आणि नेहमीच्या खोक्याच्या तळाच्या दोन मोठ्या पाकळ्या मधोमध जिथे मिळतात ती शिवण लांबीच्याच दिशेत असते. खोकं लांबीने गेलं तर शिवण चाकांना समांतर राहते, रुंदीने घातलं तर पाकळीची कड प्रत्येक चाकावर अडखळते.

लेनची रुंदी खोक्याच्या रुंदीपेक्षा १० ते १५ मिमी जास्त ठेवा. ५ मिमी ठेवली तर फुगलेलं खोकं डिव्हायडरमध्ये रुतेल. ४० ठेवली तर खोकं तिरकं होऊन कोपऱ्यावर अडकेल आणि मागची पाच त्याच्यावर येऊन थांबतील. प्रत्येक आयटमला वेगळी रुंदी देत बसू नका, खोक्यांचे तीन गट पाडा, समजा २६०, ३१५ आणि ४०० मिमीच्या लेन. डिव्हायडर सरकवता येणारेच घ्या, कारण कंपन्या ऑफर पॅकच्या नावाखाली खोक्याचं माप कधीही बदलतात आणि तुम्हाला कळवत नाहीत. १५० मिमीपेक्षा लहान, पिशवीतलं किंवा लांबीपेक्षा बरंच उंच असलेलं काहीही सुटं घालू नका. उंच खोकं पुढच्या पट्टीवर आपटून तोंडघशी पडतं. असा माल प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून तीच क्रेट लेनमध्ये सोडा.

क्रेटवरून एक गोष्ट सांगायला हवी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या ऑटो पार्टच्या शॉपफ्लोअरवर पाइप-जॉइंटच्या फ्लो रॅक सगळीकडे दिसतात आणि बरेच जण त्या बघून येऊन तशीच रॅक गोदामासाठी मागतात. तिथे सरकते ती प्लॅस्टिकची बिन. तिचा तळ कडक, माप एकच आणि वजन ठरलेलं असतं. ती दोन ट्रॅकवर, कमी उतारावरही मुकाट पुढे येते. खोक्याचा तळ मऊ आणि प्रत्येकाचं माप वेगळं. त्यामुळे तिथला उतार आणि तिथले दोन ट्रॅक जसेच्या तसे उचलू नका.

उताराचं एकच उत्तर नसतं. साधारण ३ ते ५ अंशांत काम होतं. अंशात मोजत बसण्यापेक्षा लेनच्या मागच्या आणि पुढच्या बीममधला (आडव्या आधारांमधला) उंचीचा फरक मोजा. २४०० मिमी लेनला १०० मिमी फरक म्हणजे सुमारे २.४ अंश, १५० म्हणजे ३.६ आणि २०० म्हणजे ४.८. सुरुवात १५० ने करा. अपराइटची (उभ्या खांबाची) छिद्रं ५० मिमीवर असतील तर एक घर वर-खाली केलं की उतार सव्वा अंशाने बदलतो. हे पाऊल जरा मोठं आहे, म्हणून मागच्या बीमचा ब्रॅकेट २५ मिमीवर सरकेल असा मागून घ्या. वेल्डिंगने उतार कायमचा करणाऱ्या फॅब्रिकेटरला तिथेच थांबवा.

उतार जास्त ठेवला तर काय होतं? सहा खोकी प्रत्येकी १५ किलोची धरली तरी ३.६ अंशाला पुढच्या खोक्यावर येणारा दाब जेमतेम ५-६ किलोचा असतो. त्याने काही चेपत नाही. नुकसान होतं ते रिकाम्या लेनमध्ये. मागून सोडलेलं खोकं अडवायला कुणी नसतं. १५० मिमी खाली येताना घर्षण नसतं तर त्याचा वेग सेकंदाला १.७ मीटर झाला असता. घर्षणामुळे तो कमी होतो, पण लोणच्याच्या काचेच्या बरण्या फुटायला तेवढाही पुरतो. म्हणून काचेचा माल असलेल्या लेनचा उतार एक घर कमी ठेवा आणि अशी लेन कधीच पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. रिकामी झालीच तर पहिलं खोकं पुढून, हाताने ठेवायचं.

उतार कमी पडतो तो मात्र पावसाळ्यात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये खोकी कडकडीत वाळलेली असतात, कमी उतारावरही धावतात. जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओल धरतो, तळ मऊ पडतो आणि तेच खोकं वाटेतच थांबतं. उन्हाळ्यात रॅक बसवून, चाचणी घेऊन पैसे चुकते केले की ही तक्रार हमखास दोन महिन्यांनी येते. चाचणीला दोन-चार खोकी मुद्दाम रात्रभर ओलसर जागेत ठेवा आणि सकाळी तीच सोडून बघा.

दुसरी स्थानिक भानगड जमिनीची. काळ्या मातीवर भराव नीट न करता फरशी ओतली असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते. मागचा पाय २० मिमी खचला की २४०० च्या लेनचा उतार जवळपास अर्ध्या अंशाने बदलला. रॅक उभी करण्याआधी पाण्याच्या नळीने सगळ्या पायांच्या जागांची पातळी घ्या, बेसप्लेटखाली शिम (पातळ पत्र्याच्या) पट्ट्या घालून जुळवा आणि मगच एम-१२ अँकर बोल्ट मारा. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर ती पातळी पुन्हा तपासायची आहे, त्यामुळे शिम घालायला जागा ठेवा. फरशीला भेगा पडलेल्या असतील तर आधी फरशी दुरुस्त करा, रॅक नंतर.

ट्रॅकबद्दल. गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या यू-चॅनलमध्ये प्लॅस्टिकची चाकं, अशी पट्टी मीटरवर मिळते. चाकांमधलं अंतर ३३ किंवा ५० मिमी मिळतं. किराणाच्या खोक्यांना ५० पुरतं, हलक्या आणि लहान खोक्यांच्या लेनला ३३ घ्या. कुठल्याही क्षणी खोक्याखाली लांबीच्या दिशेने किमान तीन चाकं हवीत, हा साधा नियम. ३०० मिमी रुंद खोक्याखाली तीन ट्रॅक, दोन कडांपासून थोडे आत आणि एक मधोमध, म्हणजे पोट उचलून धरलं जातं. पूर्ण रुंदीचे रोलर हा पर्याय चांगला आहे, वेगवेगळी रुंदी त्यावर सहज चालते, पण खर्च चढतो. रोलर फक्त वजनदार डिटर्जंटच्या मजल्याला ठेवले तर परवडतं.

कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा इथेच लपलेला असतो. १४० आयटमना पाच बे आणि दुहेरी लेनसाठी आणखी एक धरून सहा बे, १६८ लेन, प्रत्येकी तीन ट्रॅक, २.४ मीटर, म्हणजे १२१० मीटर ट्रॅक आणि ५० मिमी अंतराने २४ हजारांवर चाकं. दोनच ट्रॅक घातले की ८०६ मीटर. एका कोटेशनचा भाव दुसऱ्यापेक्षा बराच कमी दिसला तर लोखंडाचं वजन नंतर विचारा, आधी ट्रॅकचे मीटर विचारा. भाव लेनवर मागा, किलोवर नको.

स्थानिक फॅब्रिकेशनबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. सांगाडा इथे बनवून घ्यायला हरकत नाही, ट्रॅक मात्र तयारच घ्या. लेथवर चाकं कातून घेण्याच्या फंदात पडू नका. सांगाड्याला कोल्ड-फॉर्म (गरम न करता वाकवलेल्या) पत्र्याचे छिद्रं पाडलेले अपराइट लागतात. जालन्याची ओळख सळईची आहे, पण सळई आणि अँगल जोडून उभी केलेली रॅक इथे उपयोगाची नाही, कारण मजला सरकवता यायला हवा. फॅब्रिकेटरला वजनाचा हिशेब लिहून द्या. एका मजल्यावर ७ लेन, ६ खोकी, १५ किलो, म्हणजे ६३० किलो. चार मजले म्हणजे एका बेवर २५२० किलो आणि वर रॅकचं स्वतःचं वजन. भार असताना २४०० मिमी बीम १२ मिमीपेक्षा जास्त झुकता कामा नये, म्हणजे लांबीच्या दोनशेव्या भागापेक्षा कमी. याशिवाय लेनच्या मधोमध तिसरा आधार-बीम हवाच. तो नसला तर ट्रॅकलाच झोळ पडतो, आणि तो असून झुकला तर तिथे खड्डा तयार होतो. दोन्हीत खोकं मध्यावर थांबतं. पुढून माल काढायचा आणि मागून भरायचा असल्याने या रॅकला पुढे-मागे तिरक्या पट्ट्या लावता येत नाहीत. लांबीच्या दिशेचा सगळा तोल बीमच्या हुकांवर आणि अँकरवर असतो. म्हणून 'हात घालायला अडतं' म्हणून कुणी एखादा बीम काढून ठेवला तर त्याच दिवशी परत बसवा.

मजल्यांची उंची मांडताना पुढची आणि मागची अशी दोन मापं लिहा, इथे बरेच जण फसतात. २५० मिमीचं खोकं, हात आत जायला १०० मिमी आणि बेडची (लेनच्या तळाची) जाडी ७५, म्हणजे मजल्याला ४२५ मिमी. सगळ्यात खालचा बेड पुढून ३०० मिमीवर ठेवला तर वरचे ७२५, ११५० आणि १५७५ वर येतात. मागून प्रत्येकात १५० मिळवा. वरच्या मजल्यावर भरणाऱ्याला खोकं १७२५ मिमीपर्यंत, म्हणजे पाच फूट आठ इंचांवर उचलायचं आहे. तिथे डिटर्जंट ठेवलं तर दुपारपर्यंत तो मजला भरायचाच राहील. वर चिप्स, पापड, टिश्यू असा हलका माल ठेवा, मागे रुंद पायरीचं स्टूल द्या. मधले दोन मजले, कमरेपासून खांद्यापर्यंतचे, सगळ्यात जास्त ओळींच्या आयटमना द्या. जड माल खाली. खालचा ३०० मिमीचा गाळा झाडू फिरवण्यासाठी आहे, तिथे 'तात्पुरतं' काही ठेवायला सुरुवात झाली की आठवड्यात उंदरांचा संसार थाटला जातो. पुढचं खोकं उघडं असतं, त्यामुळे बिस्किटाच्या लेनकडे त्यांचं आधी लक्ष जातं.

गल्ल्यांचं माप: काढण्याची गल्ली दीड मीटर, दोन ट्रॉल्या एकमेकींना घासून का होईना पार होतात. भरण्याच्या गल्लीत हँड पॅलेट ट्रक वळवायचा असेल तर १.८ मीटर. म्हणजे आडव्या दिशेने १.८, २.४, १.५, २.४, १.८, एकूण ९.९ मीटर, साडेबत्तीस फूट. लांबी तीन बेची २५ फूट. भरण्याच्या गल्लीच्या पलीकडेच त्या आयटमचा राखीव माल पॅलेटवर ठेवा. भरणाऱ्याला गोदामाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं तर काढणाऱ्याचं वाचलेलं चालणं त्याच्या पायात जातं.

रॅक चालू झाल्यावर सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या लेनमध्ये भरलेलं खोकं. ते मागे दडलेलं असतं, पुढे येईपर्यंत कुणाला दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा दोन दुकानांत चुकीचा माल गेलेला असतो. याचं मूळ बहुतेक वेळा लेबलमध्ये असतं. पुढून डावीकडची पहिली लेन मागून उजवीकडची शेवटची असते. पुढची लेबलपट्टी जशीच्या तशी छापून मागे लावली की सगळंच उलटं होतं. मागची पट्टी वेगळी छापा, क्रम उलटा, अक्षरं मोठी, लेन क्रमांकासोबत आयटमचं नाव आणि जमलं तर खोक्याचा छोटा फोटो. आणि मजल्यामजल्याला वेगळा रंग.

लेन कधी भरायची हे पुढून कळत नाही, कारण पुढून एकच खोकं दिसतं. मागून डिव्हायडरवर एका खोक्याच्या लांबीएवढ्या आणि दोन खोक्यांच्या लांबीएवढ्या अंतरावर रंगाच्या रेघा मारा. दुसरी रेघ उघडी पडली की भरायचं. भरणाऱ्याने दिवसातून तीन-चार चकरा ठरलेल्या वेळीच मारायच्या, पहिली पिकिंग सुरू होण्याआधी. भरताना खोकं बंदच हवं. वरच्या पाकळ्या कापलेलं खोकं मागून सोडलं तर पाकळी वरच्या बीमला अडकते. पुढे आल्यावर काढणाऱ्याने वरच्या पाकळ्या कापाव्यात, वरच्या मजल्यावर पुढची बाजूही अर्धी कापली तर आत बघता येतं. रिकामी खोकी कुठे टाकायची हेही आधीच ठरवा. रोज शंभर-सव्वाशे खोकी फुटणार, त्यांचा ढीग दीड मीटरच्या गल्लीत साचला की सगळं गणित फिसकटतं. गल्लीच्या टोकाला एक जाळीची ट्रॉली ठेवा, भरली की रद्दीत.

जुना माल आधी जातो हे खरं, पण 'आधी आलेला आधी' एवढंच रॅकला कळतं. कंपनीने या आठवड्यात मागच्या बॅचचा माल पाठवला तर तो नव्या बॅचच्या मागे उभा राहील. भरणाऱ्याने खोक्यावरची तारीख लेनमधल्या शेवटच्या खोक्याशी ताडायची, तारीख जुनी निघाली तर ते खोकं वेगळं ठेवून पुढून द्यायचं. औषधं किंवा बियाण्यांचा धंदा असेल तर हे आणखी काटेकोर पाळावं लागतं, तिथे लॉट नंबरही लिहा.

अडकाअडकी होणारच. कारण शोधायची सोपी रीत अशी, अडतं कुठे ते चार दिवस खडूने खूण करून ठेवा. रोज त्याच लेनमध्ये त्याच जागी अडत असेल तर दोष रॅकचा: फुटलेलं किंवा जाम चाक, झुकलेला मधला बीम, सरकलेला डिव्हायडर, दोन ट्रॅकच्या जोडावरची कड. जागा बदलत असेल तर दोष खोक्याचा: पोट काढलेला तळ, सुटलेल्या टेपचं टोक, तळावरून आडवी गेलेली प्लॅस्टिकची स्ट्रॅप, ओला कागद. स्ट्रॅप भरण्याआधीच कापून टाका. अडलेलं खोकं सोडवायला लेनमध्ये चढायचं नाही, चाकांवर पाय पडला की चाकं तर तुटतातच, पायही ट्रॅकमध्ये सटकतो. पुढे रबर लावलेली आठ फुटी काठी प्रत्येक गल्लीत टांगून ठेवा.

चाकांना तेल किंवा ग्रीस लावू नका. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तेलावर बसते आणि महिन्याभरात आसाजवळ त्याचा लगदा होतो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, लेन रिकामी झाली की हात फिरवून न फिरणारी चाकं बदला, आणि शेकडा दोन तरी सुटी चाकं खरेदीतच जास्तीची मागून घ्या. आयटमची यादी वर्षातून चारदा तरी नव्याने लावा. श्रावण लागण्याआधी साबुदाणा-भगर मधल्या मजल्यावर आणि दिवाळीला आकाशकंदिलासारखा हंगामी माल रॅकबाहेर. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की खेड्यांतली मोठी पॅकं जोरात हलतात, उन्हाळ्यात सरबतं आणि टाल्कम पावडर.

ऑर्डर देताना सहाही बे एकदम घेऊ नका. एक बे घ्या, वर सांगितलेल्या तीन गटांतल्या तुमच्याच भरलेल्या खोक्यांनी चालवून बघा. प्रत्येक लेन पूर्ण भरायची, मग पुढून एकेक खोकं काढत जायचं. हात न लावता मागची सगळी पुढे आली पाहिजेत, एकही तिरकं नाही, एकही थांबलं नाही. हीच चाचणी खरेदीच्या अटीत लिहा आणि थोडी रक्कम पावसाळ्यातल्या दुसऱ्या चाचणीपर्यंत राखून ठेवा.